सांबाराखालची पुडी

दाताच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण माणूस आपलं गुपित इतकी वर्षं सांभाळतो की ते आपल्या तोंडातच आहे हे विसरून जातो.

माझ्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. पायाच्या नसेतून नळी घालून तिथे नवी झडप बसवायची, छाती फाडायची गरज नाही, असं हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. त्याआधी दात तपासून या म्हणाले. तोंडातला पू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसतो म्हणे. त्याच दिवशी दवाखान्यात एक फॉर्म भरायचा होता. माझी सून दीप्ती विचारत होती आणि लिहीत होती. मधुमेह? नाही. दमा? नाही. तंबाखू? मी म्हटलं, नाही. तिनं न थांबता खूण केली. कॉर्पोरेशनच्या शाळेत तेहतीस वर्षं मुलांना शिकवलेली, दर पौर्णिमेला विहारात पंचशील देणारी बाई याशिवाय दुसरं काय म्हणणार?

दाताची डॉक्टर रितिका नावाची तरुण मुलगी होती. तिनं खुर्ची मागे झोपवली, दिवा ओढला, आरशानं माझा डावा गाल बाहेर ताणला आणि वाकून आत पाहिलं. मग अगदी साधेपणानं, जसं कोणी आजीला चहात साखर किती विचारतं तसं, तिनं विचारलं, "आजी, खर्रा याच बाजूला ठेवता ना?"

तोंडात आरसा असताना माणसाला खोटं बोलता येत नाही. मी मान हलवली. भिंतीशी दीप्ती आणि माझा मुलगा प्रशिक उभे होते. दिव्यामुळे मला त्यांचे चेहरे दिसले नाहीत. त्या दिव्याचे मी अजून आभार मानते.

दोन दाढा काढाव्या लागणार होत्या. गालात आतून पांढरा चट्टा होता, त्याचा तुकडा तपासायला पाठवला. हृदयाचं काम तीन आठवडे पुढे गेलं. गाडीत बसल्यावर प्रशिकनं चावी लावली आणि गाडी सुरूच केली नाही. समोर बघत म्हणाला, "दहावीत माझ्या खिशात एक पुडी सापडली होती. तू तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस, आई." एवढंच. मग गाडी सुरू केली. त्याचे वडील असते तर काहीतरी विनोद करून त्यांनी ते दडपलं असतं. प्रशिक मात्र माझ्यावर गेलाय.

हे कसं लागलं ते सांगायला मला माझ्या माहेरच्या वस्तीपर्यंत, पाचपावलीपर्यंत मागे जावं लागेल. आमच्या घरी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवलेली तेंदूची पानं. मी आणि शेजारची प्रेमिला शाळेतून आलो की पत्र्याच्या मापानं पानं कापत बसायचो. माझ्या मापाला एक कोपरा वाकलेला होता, त्यामुळे माझी पानं एका बाजूनं तिरकी यायची आणि प्रेमिला हसायची. आई चिमूटभर तंबाखू गालात धरायची. भूक लागत नाही म्हणायची. मी सहा-सात वर्षांची असेन, तेव्हा मलाही भूक लागत होती. त्याच्या एक-दोन वर्षं आधी बाबांनी मला खांद्यावर बसवून दीक्षेच्या गर्दीत नेलं होतं. मला आठवतात ती फक्त पांढरी लुगडी, नजर जाईल तिथवर, आणि आईचं नवं लुगडं मातीत लोळू नये म्हणून तिनं वर खोचलेलं. आमच्या घरातून त्या दिवशी खूप काही गेलं. सूप आणि तंबाखू तेवढी राहिली, कारण पोट त्यावर होतं.

प्रेमिला चौथीनंतर शाळेत गेली नाही. मी शिकले, डी.एड. केलं, मास्तरीण झाले. गालातली चिमूट माझ्याबरोबर शाळेपर्यंत आली आणि पुढे कधीतरी तिचा खर्रा झाला. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटून घोटून केलेला ओला भुगा. नागपुरात दर चौकात पानठेला आहे, पण मॅडम पानठेल्यावर जाऊ शकत नाहीत. माझी सोय भैय्याजी करायचे. ते हातगाडीवर भाजी घेऊन आमच्या गल्लीत येतात. मी विचारायची, सांबार ताजा आहे का? सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. ते जुडीखाली पुडी सरकवून जुडी माझ्या हातात द्यायचे. दोघंही एकमेकांकडे बघत नसू. एवढी वर्षं आमच्या घरात रोज सांबार येत होता आणि दीप्ती म्हणायची, आईंना भाजीत सांबार फार लागतो.

माझ्या यजमानांना, मधुकररावांना, माहीत होतं. ते पोस्टात होते. आठ वर्षांपूर्वी गेले. त्यांनी कधी विचारलं नाही. फक्त इतवारीच्या बाजारात गेले की न विसरता वेलदोडे आणायचे आणि माझ्या पर्सजवळ ठेवायचे. मला वाटायचं, मी किती हुशार.

आता नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. ती लिहायचीच आहे, म्हणून तर बसले.

वर्षावासाचे दिवस होते. त्या तीन महिन्यांत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचायची मी. बायका पांढऱ्या साड्या नेसून ओळीत बसायच्या. प्रेमिला लग्न होऊन आमच्याच वस्तीत आली होती, ती दुसऱ्या ओळीत, माझ्या जवळच बसायची. तिचे पाली शब्द एकमेकांत मिसळायचे आणि मी सगळ्यांसमोर ते दुरुस्त करायची. ती मानेनं हो म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तसंच म्हणायची.

त्या दिवशी वाचन संपलं आणि सतरंज्या उचलताना आमच्या महिला मंडळाची सचिव दिपाली हिला खाली खर्र्याची पुडी मिळाली. लाल रबर लावलेली. मी चष्मा काढायला पिशवीत हात घातला होता तेव्हा ती पडली असणार. दिपालीनं ती दोन बोटांत धरली आणि सगळ्या बायकांनी प्रेमिलाकडे पाहिलं. ती गुडाखू, म्हणजे हिरड्यांना चोळायचा तंबाखूचा लगदा, लावते हे वस्तीला माहीत होतं. तिनं ते कधी लपवलं नव्हतं. डबी कमरेला खोचलेली असायची.

मी उठून उभी राहिले. मला खरंच सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, तोंड उघडलं, आणि त्यातून हे आलं: "प्रेमिलाबाई, पाचवं शील, नशा न करण्याचं, तोंडपाठ असून काय उपयोग, ते पाळावं लागतं."

प्रेमिलानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण परीक्षेत मुलाचा पेपर बघतो आणि उत्तर लिहायला अजून वेळ आहे हे त्याला खुणेनं सांगतो, तसं. मग तिनं आपल्या आसनाची घडी घातली आणि ती गेली. पुन्हा विहारात आली नाही.

रस्त्यात भेटली की जय भीम म्हणायची, मीही म्हणायची. तीन वर्षांपूर्वी तिचे यजमान धोंडबा गेले. पुण्यानुमोदनाला आम्ही मंडळाच्या बायका गेलो. वस्तीत कुठेही असा कार्यक्रम असला की शील मीच देते, पण त्या दिवशी तिनं उमरेडहून आपल्या दिराला बोलावलं होतं. मी मागच्या ओळीत बसले.  घरी येऊन मोरीत तोंड धुतलं आणि लगेच डाव्या गालात चिमूट ठेवली.

तर हे असं होतं, आणि आता तीन आठवडे माझ्यापुढे होते.

दाढा निघाल्या. तपासणीचा कागद आला: कॅन्सर नाही, पण हे चालू ठेवलं तर होईल. दीप्ती मला रागावली नाही. तिनं माझी गादी उन्हात टाकायला उचलली, खालची पुडी टेबलावर ठेवली आणि गादी घेऊन बाहेर गेली. दुसऱ्या दिवसापासून भैय्याजींकडची भाजी तीच घेऊ लागली. माझ्या खिडकीतून ऐकू यायचं. सांबार देऊ का, ते विचारायचे. नको, ती म्हणायची. तिचा आवाज फार सभ्य होता.

दिवसांना करायला काही नव्हतं. सकाळी फाटकापर्यंत जाऊन पेपर आणायचा, त्यात दोनदा थांबायचं. एकदा पेरूच्या झाडाशी, एकदा स्कूटरचा आधार घेऊन. रात्री तीन उशा. मीठ नाही. लघवीची गोळी घेतली की दुपारपर्यंत कुठे जाता येत नाही. अंगणातल्या उन्हात खुर्ची टाकून मी संत्र्याच्या फोडी सोलत बसायची, बिया काढायची, आणि खायची नाही. तोंडाला संत्रं नको होतं. येणारे-जाणारे विचारायचे, ऑपरेशन पुढे काहून गेलं मॅडम? दीप्ती घरात असली तर मी म्हणायची, दातामुळे. ते खोटं नव्हतं, पण ती आतून ऐकते आहे हे मला पाठीला कळायचं.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी घरी परित्राण पाठ ठेवायचं दीप्तीनं ठरवलं. मोठं आजारपण, नवं घर, लांबचा प्रवास असला की आमच्याकडे ठेवतात. पाण्याचा कलश मांडतात, त्याला गुंडाळलेला पांढरा दोरा सगळे हातात धरून बसतात, सूत्रं म्हणतात, आणि शेवटी तो दोरा तोडून मनगटाला बांधतात. दीप्तीनं मंडळाच्या सगळ्या बायकांना फोन केले. मला विचारलं, आणखी कोणाला सांगू? मी म्हटलं, प्रेमिलाला सांग. ती म्हणाली, त्या येतील? मी म्हटलं, माहीत नाही.

प्रेमिला आली. दाराजवळ, चपलांच्या अगदी शेजारी बसली. दोरा तिच्यापर्यंत पोचेना, म्हणून दिपालीनं दोऱ्याची गुंडाळी थोडी आणखी उलगडली. मूर्तीपुढे मेणबत्त्या लावल्या, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला. मग सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. पाठ माझ्यासाठी होता, तरी शील मीच द्यायचं, कारण नेहमी मीच देते. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मी सुरू केलं. पहिलं झालं. दुसरं, तिसरं झालं. मी म्हणायची, बायका मागून म्हणायच्या. चौथ्याला मी 'मुसावादा' म्हटलं आणि थांबले.

मुसावादा म्हणजे खोटं बोलणं. खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचा नियम मी घेते, असं त्याचं वाक्य आहे. नऊ वर्षं मी ते शेकडो वेळा म्हटलं होतं. त्यातल्या एकाही वेळी जीभ अडखळली नव्हती, आणि त्याचीच मला आता सगळ्यात जास्त लाज वाटली. पाचव्याचं मी स्वतःला समजावलं होतं की त्यात दारू आहे, तंबाखूचं नाव नाही. चौथ्यात पळवाट नव्हती.

बायकांना वाटलं, मला दम लागला. दीप्ती पाणी घेऊन धावली. कोणी पंख्याचं बटण दाबलं. कोणी म्हणालं, मॅडमला आडवं करा, झडपेचा त्रास आहे. आणि खरं सांगते, माझ्या मनात आलं की होऊ दे असंच. मी डोळे मिटले असते तर मला आत नेऊन झोपवलं असतं. आजाराइतका चांगला आडोसा मला पुन्हा मिळाला नसता. मी डोळे मिटलेही. दोनच क्षण. मग दोरा हातात ओढल्यासारखा वाटला. कोणी ओढला नव्हता, दिपालीनं गुडघा हलवला होता.

मी म्हणाले, "मला काही झालं नाही. विहारात सापडलेली ती पुडी माझी होती. प्रेमिलाची नव्हती. मी रोज खर्रा खात होते आणि त्या दिवशी मी तिच्यावर ढकललं."

 पंखा फिरत होता, थंडीच्या दिवसांत. एका मेणबत्तीची ज्योत त्यानं विझली आणि ती पुन्हा लावायला कोणी उठलं नाही. मी दाराकडे बघू शकत नव्हते, म्हणून सतरंजीच्या निळ्या पट्ट्याकडे बघत होते.

मग प्रेमिलाचा आवाज आला. "मले माहीत होतं वं, कौतिका."

मला कौतिका म्हणणारं आता तिच्याशिवाय कोणी उरलं नाही. ती पुढे म्हणाली, "त्या साली माह्या तोंडात एक तरी दाढ होती का? सगळ्या काढल्या होत्या. सुपारी काय हिरड्यानं चावतो माणूस? गुडाखूले दात लागत नाईत म्हणून तर मी गुडाखू लावत होती."

मागे कोणीतरी हसलं आणि गप्प झालं.  पण हे खरं होतं. त्या वर्षी प्रेमिलाचं बोळकं तोंड सगळ्या वस्तीला माहीत होतं. ती भाकरी चहात बुडवून खायची. त्या दिवशी विहारात वीस-बावीस बायका होत्या, आणि एकीलाही प्रश्न पडला नव्हता की ही चावणार कशानं. किंवा पडला होता. मी दिपालीकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, आम्हाला वाटलं होतं..." आणि तिनं वाक्य पुरं केलं नाही. त्यांना काय वाटलं होतं ते मी विचारलं नाही. विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

मी प्रेमिलाला विचारलं, "मग बोलली काहून नाहीस तू?"

"तू बोलशीन म्हणून थांबली. त्या दिवशी थांबली. मंग दुसऱ्या दिवशी घरी येशीन वाटलं. मंग धोंडबा गेले तेव्हा वाटलं, आज तरी बोलशीन. तू मागच्या ओळीत बसून निघून गेली." तिनं हातातला दोरा बोटाला गुंडाळला. "माह्यं नाव गेलं त्याचं काही नाई. माह्याजवळ नाव होतंच कुठं मोठं. पण मले तिथं यायले आवडे."

 मी रडले असते तर बायकांनी मला समजावलं असतं, म्हणून मी रडले नाही.

दीप्तीनं विझलेली मेणबत्ती लावली. ती कोणाकडे न बघता म्हणाली, पाठ अर्धा राहिला आहे, शील कोण देणार? कोणी पुढे होईना. तेव्हा प्रेमिला चपलांजवळून उठली, गुडघ्यावर हात ठेवत पुढे आली आणि माझ्या समोर बसली. तिनं पहिल्यापासून सुरू केलं. तिचे शब्द तसेच होते, एकमेकांत मिसळलेले. पाचव्यात तर तिनं दोन शब्दांचा एक केला. मी तिच्या मागून, तिनं म्हटलं तसंच म्हटलं.

पाठ झाल्यावर तिनंच माझ्या मनगटाला दोरा बांधला. तीन गाठी मारल्या, दातांनी तोडला. आता तिला कवळी आहे. मग विचारलं, "आणखी कुठं कुठं ठेवलं हाय?"

मी दीप्तीसमोर, प्रशिकसमोर, सगळ्या बायकांसमोर सांगितलं. शिलाई मशीनच्या खणात एक. पाण्याच्या फिल्टरमागे एक. दीप्तीनं दोन्ही आणल्या. झालं? प्रेमिलानं विचारलं. झालं, मी म्हणाले.

झालं नव्हतं. मधुकररावांच्या चष्म्याच्या डबीत एक होती. एवढं सगळं बोलून झाल्यावर, नुकतंच चौथं शील घेतल्यावर, मनगटाचा दोरा अजून नवा असताना मी पुन्हा खोटं बोलले. त्या संध्याकाळी मी ती डबी तीनदा उघडली. खाल्लं नाही. पण उघडली.

सकाळी दीप्ती आंघोळीला गेली तेव्हा मी डबी पदरात घेतली आणि निघाले. प्रेमिलाचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. मला अर्धा तास लागला. विजेच्या खांबाशी थांबले, किराणा दुकानाच्या पायरीवर बसले, पुन्हा उठले. दुकानवाला म्हणाला, मॅडम, काही आणून देऊ का? मी म्हटलं, नको, नेऊन द्यायचं आहे.

प्रेमिला अंगणात चुलीवर आंघोळीचं पाणी तापवत होती. मी डबी तिच्या हातात दिली. तिनं उघडली, आत पाहिलं, मग डबी उलटसुलट करून पाहिली.

"हे मधुकररावाचं हाय ना?"

मी हो म्हटलं.

"त्यांच्या चष्म्याच्या जागी हे ठेवलं तू?"

 तिनं पुडी चुलीत टाकली आणि डबी आपल्या पदराला पुसून मला परत दिली. प्लॅस्टिक आधी आकसलं, मग तंबाखूचा धूर आला आणि आम्ही दोघी खोकलो. तो वास आमच्या पाचपावलीच्या घरचा होता. सूप झाडल्यावर आई खालचा केर चुलीत टाकायची तेव्हा असाच यायचा. प्रेमिलालाही आठवलं असावं, कारण ती म्हणाली, तुह्यी पानं तिरकी असायची. मी म्हटलं, माप वाकलेलं होतं. ती म्हणाली, माप काहून वाकलेलं असन, तुह्या हाताले घाई होती.

मग तिनं कमरेची डबी काढली, बोटावर गुडाखू घेतला आणि माझ्यासमोर पायरीवर बसून हिरड्यांना चोळू लागली. सावकाश, उजवीकडून डावीकडे. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तिला ते कळलं. ती बोट न काढताच म्हणाली, "मी हे सोडत नाई. पण मी कोणापासून लपवलंही नाई."

मी जमिनीकडे पाहिलं. धाप अजून खाली बसत नव्हती. थोड्या वेळानं तिनं चूळ भरली आणि विचारलं, किती तारखेला आहे? मी म्हटलं, परवा बुधवारी, सकाळी आठला दवाखान्यात जायचं आहे.

"दीप्तीले फोन करतो मी, तू हितं हाय म्हणून. शोधत असन ते बिचारी." ती उठली, आत गेली आणि दारातून वळून म्हणाली, "बस तशीच. पाणी तापलं की चहा मांडतो. सकाळी अशी चालत येत जाऊ नको पुन्हा, मीच येईन."